मेंदूतील गाठ : ओळखावी कशी?

मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले, की रुग्णाच्या घरची मंडळी मागचे महिने आठवू लागतात. वर्षभरात दोनदा बदललेला चष्मा, औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या पित्ताच्या गोळ्या, मुलाच्या प्रगतिपुस्तकावरचा ‘लक्ष नसते’ हा शेरा, साठी उलटलेल्या वडिलांचा अकारण तुसडेपणा अशा सुट्या सुट्या गोष्टींची संगती तेव्हा लागते. ती उशिरा लागण्यात दर वेळी कुणाचा निष्काळजीपणा असतो असे नव्हे. या आजाराला स्वतःचा असा चेहराच नाही. तो कधी पित्ताचे, कधी अर्धशिशीचे, कधी वार्धक्याचे, तर कधी चक्क मानसिक आजाराचे रूप घेऊन येतो. शिवाय तो विरळ. एखाद्या कुटुंबवैद्याकडे डोकेदुखीचे रुग्ण रोज येतात. गाठीचे रुग्ण मात्र साऱ्या कारकिर्दीत मोजकेच. म्हणूनच कोणती डोकेदुखी निराळी, कोणती उलटी पोटामुळे नव्हे, याची जाण घरातल्यांनाही असणे उपयोगी पडते.

बंद कवटीतील दाटी

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे १,४०० ग्रॅम वजनाचा असतो. त्याच्या आतील पोकळ्यांमध्ये आणि मेंदू व मज्जारज्जूच्या सभोवती मिळून सुमारे १५० मिलिलिटर स्वच्छ, पाण्यासारखा द्रव खेळत असतो. त्याला मस्तिष्कमेरुद्रव म्हणतात. दिवसाकाठी असा सुमारे अर्धा लिटर द्रव तयार होतो आणि तितकाच रक्तात शोषला जातो. मेंदू, हा द्रव आणि रक्त या तिघांनी कवटी पूर्ण भरलेली असते. प्रौढाची कवटी हाडाची असल्याने ती ताणली जात नाही. त्यामुळे तेथे चौथी वस्तू वाढू लागली, की आधी द्रव आणि नीलांमधील रक्त बाजूला सरून जागा करून देतात. ही सवलत संपली, की दाब एकाएकी चढतो. हळूहळू वाढणारी लिंबाएवढी गाठ वर्षानुवर्षे मुकाट राहते आणि झपाट्याने वाढणारी सुपारीएवढी गाठ काही आठवड्यांत रुग्णाला अंथरुणाला खिळवते, याचे कारण हेच.

‘साधी गाठ आहे, कर्करोग नाही’ हे वाक्यही मेंदूच्या बाबतीत जपून ऐकावे लागते. मस्तिष्कस्तंभाला चिकटलेली साधी गाठ जिवावर बेतू शकते. उलट मेंदूत उगम पावलेली घातक गाठही शरीराच्या इतर भागांत क्वचितच पसरते. त्यामुळे अन्य कर्करोगांप्रमाणे येथे पहिला-दुसरा टप्पा असे सांगितले जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार या गाठींना १ ते ४ अशी श्रेणी दिली जाते. १ म्हणजे मंद वाढणारी, ४ म्हणजे सर्वांत आक्रमक.

लक्षणांचे ढोबळ दोन गट पडतात. पहिला वाढलेल्या दाबाचा. गाठ कुठेही असो, ही लक्षणे साधारण सारखीच. दुसरा गट जागेचा. मेंदूचा जो भाग गाठीखाली दबला, त्याचे काम बिघडते.

दाबाची डोकेदुखी पहाटे किंवा उठताना अधिक असते. आडवे झाल्याने दाब वाढतो. शिवाय झोपेत श्वसन मंदावल्याने रक्तातील कर्बवायू किंचित वाढून मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. खोकताना, वाकताना, शौचाला जोर करताना ती भडकते. अनेकदा उलटी होते आणि त्यानंतर बरे वाटते. या उलटीला जेवणाशी वा मळमळीशी संबंध असेलच असे नाही. मात्र हे चित्र पुस्तकी आहे. प्रत्यक्षात गाठीची डोकेदुखी पुष्कळदा साध्या ताणाच्या डोकेदुखीसारखीच जाणवते. डॉक्टर म्हणूनच दुखण्याच्या प्रकारापेक्षा त्यातील बदलाला महत्त्व देतात. वीस वर्षे अर्धशिशी असलेल्या व्यक्तीचे दुखणे अचानक निराळे झाले, पन्नाशीनंतर प्रथमच डोके दुखू लागले, आठवड्यागणिक वाढत चालले किंवा त्याच्या जोडीला दुसरे एखादे लक्षण आले, तर तपासणी हवी. हेही तितकेच खरे, की डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांच्या मेंदूत काहीही नसते आणि अन्य कोणतेही लक्षण नसताना निव्वळ डोकेदुखी हे गाठीचे एकमेव लक्षण असणे असाधारण.

याबाबत एक स्वस्त तपासणी विस्मरणात गेली आहे. डोळ्याच्या पडद्यावर दृष्टिमज्जा जिथे उगवते, तिथे मेंदूतील दाब वाढल्यास सूज दिसते. हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये नेत्रदर्शक तयार केल्यापासून ही सूज जिवंत माणसात पाहता येऊ लागली. नेत्रतज्ज्ञाकडे बाहुलीत थेंब घालून काही मिनिटांत होणारी ही तपासणी हजारो रुपयांच्या स्कॅनआधी करून घेता येते. वारंवार डोके दुखते म्हणून चष्म्याचा नंबर काढायला जाणाऱ्याने ‘पडदाही पाहा’ एवढे सांगितले तरी पुरते. अर्थात सूज नाही म्हणजे गाठ नाहीच, असे नव्हे.

जागा सांगणारी लक्षणे

कोणतेही छायाचित्र हाती नसताना केवळ लक्षणांवरून गाठीची जागा ठरवता येते, हे लंडनमध्ये २५ नोव्हेंबर १८८४ रोजी सिद्ध झाले. एका तरुण स्कॉटिश शेतकऱ्याला आधी चेहऱ्याच्या डाव्या बाजूला झटके येऊ लागले. पुढे डावा हात लुळा पडत गेला. ह्यूज बेनेट या वैद्याने उजव्या मेंदूतील हालचालीच्या पट्ट्यावर बोट ठेवले आणि शल्यविशारद रिकमन गॉडली यांनी तेवढ्याच जागेची कवटी उघडली. गाठ तिथेच सापडली. रुग्ण महिनाभराने जंतुसंसर्गाने दगावला. परंतु मेंदूच्या आधुनिक शस्त्रक्रियेची सुरुवात या घटनेपासून मानली जाते. आज एमआरआय असला, तरी तो कधी काढायचा हे ठरवण्यासाठी तोच नकाशा लागतो.

मेंदूचा उजवा अर्धगोल शरीराच्या डाव्या बाजूचा कारभार पाहतो आणि डावा उजव्या बाजूचा. हालचालीच्या पट्ट्यावर दाब आला, की विरुद्ध बाजूचा हात वा पाय कमजोर होतो. हातातून कप निसटतो, चप्पल पायातून सुटते आणि ते कळतही नाही, सदऱ्याची बटणे लागत नाहीत. अर्धांगवायूत हे क्षणार्धात घडते. गाठीत बहुधा दिवसांगणिक, आठवड्यांगणिक. बहुतेकांची भाषा डाव्या अर्धगोलात असते. तेथील गाठीमुळे रुग्णाला नेमका शब्द सापडत नाही. ‘ते आपलं हे’ असे म्हणत तो वस्तूकडे बोट दाखवतो किंवा बोलतो ते निरर्थक होत जाते.

कपाळामागील भाग फसवा आहे. तेथील गाठ हात-पाय शाबूत ठेवून माणूसच बदलते. हिशेबाला चोख असलेली व्यक्ती बिले भरायची विसरते, चारचौघांत नको ते बोलते, वर्तमानपत्र उघडेनाशी होते, दिवसभर भिंतीकडे पाहत बसते, कधी लघवीचे भान हरपते. घरचे याला वय म्हणतात, वैद्य नैराश्य म्हणतात, स्मृतिभ्रंशाच्या गोळ्याही सुरू होतात. यातील काही रुग्णांमध्ये मेंदूच्या आवरणाची साधी गाठ निघते आणि ती काढल्यावर माणूस बऱ्याच अंशी पूर्वपदावर येतो. म्हणूनच काही महिन्यांत पालटलेल्या स्वभावाला वार्धक्य म्हणण्याआधी एकदा स्कॅन करणे उचित ठरते.

कानशिलामागील भागात स्मृती, भावना आणि गंध यांची केंद्रे आहेत. तेथील गाठ न जळलेल्या वस्तूचा वास देते, अनोळखी जागा ओळखीची भासवते किंवा काही सेकंद माणसाला हरवून टाकते. अमेरिकी संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांना १९३७ मध्ये जळक्या रबराचा वास येऊ लागला, वादन करताना क्षणभर भान हरपू लागले. मानसिक ताण असे त्याचे निदान झाले. ११ जुलै १९३७ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले.

डोक्याच्या मागील भागातील गाठीत दोन्ही डोळे शाबूत असूनही दृश्याची एक अर्धी बाजू दिसत नाही. रुग्ण दाराच्या एकाच चौकटीला धडकतो, ताटातील एका बाजूचे पदार्थ तसेच राहतात. लहान मेंदूच्या गाठीत चाल दारुड्यासारखी होते, हात थरथरतो, बोलणे जडावते.

पहिली फिट आणि भारतातील पेच

प्रौढ वयात आयुष्यात प्रथमच आलेली फिट हे मेंदूतील गाठीचे महत्त्वाचे लक्षण आहे. ती सर्वांग झटकणारीच असते असे नाही. ओठाचा कोपरा किंवा अंगठा काही मिनिटे उडत राहणे, एका हातात मुंग्यांची लाट चढत जाणे, मध्येच वाचा बसणे हेही आकडीचेच प्रकार. आपल्याकडे याला ‘बाहेरचे’ म्हणून अंगारे-धुपारे करण्यात महिने जातात, ही खंत नोंदवावीच लागेल. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही. ती बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा वा बोट घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही, तर तातडीने रुग्णालय गाठावे. कुणी मोबाइलवर चित्रण केले, तर डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

मात्र भारतात फिट आणि स्कॅनवर दिसणारा ठिपका म्हणजे ट्युमरच, असे समीकरण मांडणे चुकीचे आहे. पट्टकृमीची अंडी अस्वच्छ पाणी वा कच्च्या भाज्यांतून पोटात गेल्यास त्यांच्या अळ्या मेंदूत जाऊन बसतात. त्याचप्रमाणे क्षयरोगाच्याही गाठी मेंदूत होतात. सीटी स्कॅनवर या दोन्ही कडीसारख्या चमकतात आणि कर्करोगाच्या गाठीही तशाच दिसू शकतात. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील वेदांतम राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यासाठी निकष मांडले. एकच ठिपका, आकार २० मिलिमीटरच्या आत, दाब वाढल्याची वा वाढत जाणाऱ्या कमजोरीची चिन्हे नाहीत, तर तो बहुधा कृमीचा. फिटची औषधे देऊन काही काळाने पुन्हा स्कॅन केल्यावर असे कित्येक ठिपके विरलेले आढळतात. अहवालातील ‘गाठ’ हा शब्द वाचून हाय खाण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे.

मोठ्यांमध्ये आढळणाऱ्या गाठी

प्रौढांच्या मेंदूत सर्वाधिक आढळणाऱ्या गाठी मूळच्या मेंदूतल्या नसतातच. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, मोठे आतडे, त्वचेवरील मेलॅनोमा या कर्करोगांच्या पेशी रक्तावाटे येऊन तेथे रुजतात. पूर्वी स्तनाचा कर्करोग होऊन बरी झालेली स्त्री वर्षांनंतर डोकेदुखी वा तोल जाण्याची तक्रार घेऊन आली, तर जुना आजार डॉक्टरांना आवर्जून सांगावा. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यात फुप्फुसाचा कर्करोग पहिल्यांदा मेंदूतील लक्षणांवरूनच उघडकीस येतो, असेही घडते.

मूळच्या गाठींमध्ये मेनिंजिओमा हा प्रकार सर्वाधिक. हे नाव हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिले. ही गाठ मेंदूच्या आवरणातून उगवते व मेंदूला बाहेरून दाबते. स्त्रियांमध्ये तिचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट असून ती बहुतेक वेळा साधी असते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ती योगायोगाने सापडल्यास आणि लहान असल्यास केवळ ठरावीक काळाने स्कॅन करत राहणे, हाही उपचारच. स्त्रीसंप्रेरकांशी तिचे नाते असल्याचे आढळले आहे. फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासात मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे संततिनियमनाचे इंजेक्शन वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या स्त्रियांत शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या मेनिंजिओमाचा धोका पाच पटींहून अधिक दिसला. हा अभ्यास २०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने प्रसिद्ध केला. हेच इंजेक्शन भारताच्या सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात ‘अंतरा’ या नावाने २०१७ पासून मिळते. मूळ धोका अत्यंत अल्प असल्याने ते मनाने बंद करण्याचे कारण नाही; परंतु अनेक वर्षे ते घेणाऱ्या स्त्रीने नवी डोकेदुखी किंवा दृष्टीतील बदल अंगावर काढू नये.

मेंदूच्या आधारपेशींतून होणाऱ्या गाठींना ग्लायोमा म्हणतात. त्यातील ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूतच उगम पावणारा प्रौढांमधील सर्वाधिक आढळणारा घातक प्रकार. पन्नाशी ते सत्तरी या वयात, काही आठवड्यांत वाढत जाणारी कमजोरी, वाचादोष वा फिट असे त्याचे रूप असते. शस्त्रक्रिया व किरणोपचाराला टेमोझोलोमाइड या गोळ्यांची जोड दिल्यास मध्यम आयुर्मान सुमारे १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर जाते, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. फरक तुटपुंजा वाटतो, परंतु आजही उपचारांचा पाया तोच आहे. याउलट विशी ते चाळिशीतील रुग्णात केवळ फिटने सुरुवात होणारा ग्लायोमा पुष्कळदा आयडीएच या जनुकातील बदलाचा असतो. त्याची वाट बरीच लांबची, अनेक वर्षांची. २०१६ च्या जागतिक वर्गीकरणात या जनुकीय फरकाला निदानातच स्थान मिळाले. अशा मंद गाठींवरील व्होरासिडेनिब या औषधाला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

पीयूषिका ग्रंथीच्या गाठी बहुधा साध्या, पण त्यांची लक्षणे सर्वांत चकवणारी. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठीत पाळी थांबते, बाळंतपण नसताना स्तनांतून दूध येते, मूल राहत नाही. पुरुषात कामेच्छा ओसरते. ती बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते, शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. वंध्यत्वाच्या तपासणीत प्रोलॅक्टिनची रक्तचाचणी केली जाते ती याचसाठी. वाढीचे संप्रेरक अधिक झाले, तर अंगठी बोटात जाईनाशी होते, चपलेचे माप वाढते, जबडा पुढे येतो, आवाज घोगरा होतो. हे इतके सावकाश घडते, की घरच्यांना दिसत नाही. दहा वर्षांपूर्वीचे लग्नातले छायाचित्र शेजारी धरले, की दिसते. ग्रंथीच्या नेमक्या वर दृष्टिमज्जांचा छेद असल्याने गाठ वर सरकली, की दोन्ही बाहेरच्या बाजूंचे दृश्य मावळते. समोरची पाटी वाचता येते, पण बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही. चष्म्याच्या तक्त्यावर अशी व्यक्ती सहज उत्तीर्ण होते.

श्रवणमज्जेवरील श्वॅनोमा हीदेखील साधी गाठ. एकाच कानाने कमी ऐकू येणे व त्याच कानात सतत गुणगुण ही तिची खूण. रुग्ण नकळत फोन दुसऱ्या कानाला लावू लागतो. वयामुळे येणारा बहिरेपणा सहसा दोन्ही कानांत सारखा येतो. एकाच बाजूचा असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञ एमआरआय सुचवतात.

मुलांचे निराळे

मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाखालोखाल मेंदूच्या गाठींचा क्रमांक लागतो. त्यातील निम्म्याहून अधिक डोक्याच्या मागील खालच्या भागात, लहान मेंदू व मस्तिष्कस्तंभाच्या परिसरात होतात. तेथे द्रवाचा मार्ग अरुंद असल्याने तो लवकर तुंबतो आणि मेंदूत पाणी साठते. म्हणून मुलांमध्ये दाबाची लक्षणे ठळक असतात. गोंधळ असा, की लहान मूल ‘डोके दुखते’ असे सांगत नाही. ते चिडचिडते, खेळणे सोडते, पडून राहते.

दीड-दोन वर्षांच्या आतील बाळात कवटीचे सांधे जुळलेले नसल्याने डोके मोठे होऊन दाबाला वाट देते. टाळू फुगून घट्ट लागते, डोक्याच्या शिरा ठळक होतात, नजर मावळत्या सूर्यासारखी खाली ओढलेली दिसते. लसीकरणाच्या वेळी डोक्याचा घेर मोजून कार्डावर नोंदवण्याची पद्धत यासाठीच आहे. ती नोंद पालकांनी आग्रहाने मागावी. आधी बसणारे, चालणारे मूल पुन्हा रांगू लागले, तर ती सवय नव्हे.

शाळकरी वयात नेहमीचे चित्र असे. मूल सकाळी उठते, उलटी करते, नंतर ताजेतवाने होऊन खेळते. ‘शाळा नको म्हणून नाटक’ हा पहिला अर्थ, ‘पित्त झाले’ हा दुसरा, ‘जंत असतील’ हा तिसरा. पोटाची सोनोग्राफीही होते. जुलाब नाहीत, ताप नाही, तरीही सकाळची उलटी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर पोटाऐवजी डोक्याचा विचार व्हायला हवा. त्याच सुमारास मूल सायकलवरून वारंवार पडते, जिन्याचा कठडा धरल्याशिवाय उतरत नाही, अक्षर बिघडते. डोळा नव्याने तिरळा होतो किंवा एका वस्तूच्या दोन दिसतात आणि ते टाळण्यासाठी मूल मान एका बाजूला कलती ठेवते. मान ‘उसण’ भरल्यासारखी आठवडाभर वाकडी राहिली, तर तिला तेलाने चोळून घेऊ नये. मागील भागातील गाठ खाली सरकत असल्याची ती खूण असू शकते.

किशोरवयात आणखी काही खुणा वाढतात. उंची थांबणे, वयात येणे लांबणे किंवा अवेळी लवकर सुरू होणे, भरमसाट तहान व लघवी ही लक्षणे पीयूषिका ग्रंथीजवळील क्रेनिओफॅरिंजिओमा किंवा जननपेशींच्या गाठीची असू शकतात. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे सहा वा अधिक डाग असलेल्या मुलात न्यूरोफायब्रोमाची आनुवंशिक व्याधी असू शकते. अशा मुलांना दृष्टिमज्जेचा ग्लायोमा होण्याची शक्यता अधिक असल्याने त्यांची नजर नियमित तपासावी लागते.

ब्रिटनमध्ये मुलांच्या या गाठींचे निदान होण्यास पहिल्या लक्षणापासून सरासरी १४ आठवडे लागत होते. २०११ मध्ये तेथे ‘हेडस्मार्ट’ मोहीम सुरू झाली. वयोगटानुसार लक्षणे छापलेली खिशात मावणारी कार्डे पालक, शाळा व डॉक्टरांना वाटण्यात आली. एक लक्षण टिकून राहिले तर डॉक्टरांना दाखवा, दोन असतील तर तातडीने, एवढाच त्यावरचा संदेश. पुढील काही वर्षांत हा कालावधी सात आठवड्यांच्या आत आला. नवे यंत्र नाही, नवे औषध नाही. मराठीत असे कार्ड प्रत्येक अंगणवाडीत लावायला फारसा खर्च येणार नाही.

मुलांतील गाठींपैकी पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा हा श्रेणी १ चा. लहान मेंदूत असेल, तर पूर्ण काढल्यावर बहुतेक मुले बरी होतात. मेड्युलोब्लास्टोमा घातक, श्रेणी ४ चा, द्रवावाटे मज्जारज्जूत पसरणारा. तरीही वेळेत शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार मिळाल्यास न पसरलेल्या आजाराची दहापैकी सात-आठ मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. द्रवाच्या पोकळ्यांना अस्तर देणाऱ्या पेशींतून होणाऱ्या एपेंडिमोमात गाठ किती पूर्णपणे निघाली, यावर बरेच अवलंबून असते. मस्तिष्कस्तंभात पसरणारा ग्लायोमा मात्र अद्याप असाध्य आहे. पाच ते दहा वर्षांच्या मुलात काही आठवड्यांत तिरळेपणा, चेहरा वाकडा होणे व तोल जाणे असा तो येतो. किरणोपचाराने तात्पुरता उतार पडतो. बहुतेक मुले वर्षभराच्या आसपास दगावतात. येथे लवकर निदानाने निकाल बदलत नाही, हे पालकांना स्पष्ट सांगणारा डॉक्टर त्यांचे हितच करत असतो.

तपासण्या आणि उपचार

पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात झाला, तोही मेंदूतील गाठीचा संशय असलेल्या एका स्त्रीचा. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना त्यासाठी ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत १९७९ चे नोबेल मिळाले. आज तातडीच्या वेळी, रक्तस्राव वा पाणी साठल्याची शंका असता सीटी पुरतो. मात्र लहान मेंदू, मस्तिष्कस्तंभ व पीयूषिका या भागांतील गाठ त्यात निसटू शकते. तेथे शिरेतून औषध सोडून केलेला एमआरआयच हवा. सीटी ‘नॉर्मल’ आहे म्हणून लक्षणे बाजूला सारू नयेत.

सूज उतरवण्यासाठी दिले जाणारे डेक्सामिथॅसोन हे स्टेरॉइड रुग्णाला दोन दिवसांत हसता-बोलता करते. आजार बरा झाल्याचा हा भास असतो. मेंदूतील लिम्फोमा तर या औषधाने स्कॅनवरून तात्पुरता नाहीसाच होतो आणि मग तुकडा तपासूनही निदान लागत नाही. लिम्फोमाची शंका असेल आणि जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आधी तुकडा व नंतर स्टेरॉइड, असा क्रम तज्ज्ञ ठेवतात.

उपचारांत शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार हे तीन मार्ग. तीन वर्षांखालील मुलांत किरणोपचार शक्यतो टाळतात, कारण वाढत्या मेंदूवर व बुद्धीवर त्याचा परिणाम राहतो. आसपासच्या भागाला कमी इजा करणारे प्रोटॉन उपचार देशात प्रथम चेन्नईत २०१९ मध्ये एका खासगी रुग्णालयात आणि २०२३ मध्ये खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये सुरू झाले. बऱ्या झालेल्या मुलांची उंची, थायरॉइड, श्रवण व अभ्यासातील गती पुढे अनेक वर्षे तपासावी लागते.

कारणांबाबत गैरसमज पुष्कळ. डोक्याला पूर्वी दिलेला किरणोत्सार आणि काही मोजक्या आनुवंशिक व्याधी एवढीच ठामपणे सिद्ध झालेली कारणे आहेत. इस्राएलमध्ये १९५० च्या दशकात डोक्यावरील गजकर्णासाठी किरण दिलेल्या मुलांत पुढे मेनिंजिओमा अधिक आढळले. मोबाइलच्या लहरी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये ‘शक्यता असलेल्या’ गटात टाकल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मात्र मेंदूच्या गाठींशी संबंध आढळला नाही. आई-वडिलांनी काही चुकीचे केले म्हणून मुलाला गाठ झाली, असे तर मुळीच नसते.

राज्यातील महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया व कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. रुग्णालय योजनेत आहे का, याची चौकशी दाखल होण्याआधी तेथील आरोग्यमित्राकडे करावी. दुसरे मत घ्यायला मोठ्या शहरात जाताना केवळ अहवालाचा कागद नेऊन भागत नाही. एमआरआयची मूळ सीडी, आधीचे सर्व स्कॅन, चालू औषधांची यादी आणि शस्त्रक्रिया झाली असल्यास काचपट्ट्यांसह मेणात जतन केलेला गाठीचा ठोकळा सोबत असावा. हा ठोकळा रुग्णाला मागता येतो. जनुकीय तपासणी त्यावरच होते आणि तो नसल्यास दुसऱ्यांदा कवटी उघडून तुकडा घेण्याची वेळ येऊ शकते.